तीन टाके

दोन दिवसांच्या सहलीत ताईने अकरा दुकानं पालथी घातली. जुने कपडे, जुनी भांडी, बंद पडलेली घड्याळं, बाईला काही म्हणून वर्ज्य नाही. मी आपली पिशव्या सांभाळत मागे. बाराव्या दुकानात मात्र ती एकदम थबकली.

तिच्या हातात लहान मुलीचा फ्रॉक होता, जांभळ्या ठिपक्यांचा. अगदी असेच फ्रॉक लहानपणी आईने आम्हा दोघींना घरी शिवले होते.

"कापड काय, कुठेही मिळतं," मी म्हणाले.

ताईने कॉलर उलटली. आमची कपड्यांवरून भांडणं नकोत म्हणून आई कॉलरच्या आत लाल दोऱ्याने खूण करायची. ताईला एक टाका, मला दोन.

इथे तीन होते.

मी फ्रॉक हातात घेतला. तो उबदार लागला, आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखा.

"हा कुठून आला हो?" मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं.

त्यांनी चष्मा वर केला. "आमचा नाही तो. तुमच्याबरोबरच आला ना?"

मी बाहेर येऊन आईला फोन लावला, सगळं सांगितलं. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या आईने सगळं ऐकून घेतलं.

"नीट घडी घाल आणि तिथेच ठेव," ती म्हणाली, शेजारी कुणी ऐकत असल्यासारखी, अगदी हळू. "आणि हे बघ, येताना दोघीच या."