रणबाईच्या हातातली बांगडी

चुडावा स्टेशनाच्या पुढं, गावाच्या शिवेवर रणबाईचा दगड आहे. त्यावर कोरलेलं: घोडा, तलवार, कासोटा मारलेली बाई. परभणीहून आलेल्या प्राध्यापकांनी तिला पुरुष ठरवलं. बायकांनी त्यांना चहा पाजून मोटारीत बसवून दिलं.

गाव सोडणारीनं दगडापाशी एक बांगडी ठेवायची आणि परत आली की उचलायची, असा रिवाज. बायनाबाईची मंदा एकोणऐंशी साली नर्सिंग शिकायला गेली. पाच वर्षं झाली, पत्रंही थांबली. बायनाबाई रोज दुपारी शिवेवर जाऊन लेकीची हिरवी बांगडी बघून यायची.

एका दुपारी बांगडी जागेवर नव्हती.

"कमळे, उचलली गं! माझी मंदा आली!"

"वर बघ की," सोबतची कमलबाई पुटपुटली.

बांगडी रणबाईच्या मनगटात होती. अख्खी. हात तर दगडातच कोरलेला, मागून सुईभर फट नव्हती.

"फोडून काढू का गं?" बायनाबाईनं हात पुढं केला.

"फुटल्यावर पोरगी येऊन काय उचलील?"

बायनाबाईनं हात मागं घेतला. "लय झालं, मंदे," ती दगडाला म्हणाली, "चल घरला."

वारा पडलेला होता. बांगडी दगडावर खरखरत कोपराकडं घसरली, निरोपाला हात वर केला की घसरते तशी.