उघडं डोकं

ओट्यावर सात ठसे होते. सहांवर सम्राटाच्या डोक्याला पानांचा मुकुट होता आणि कडेने नाव-पदव्यांची तेवीस अक्षरं. सातव्यावर डोकं उघडं होतं. कड अजून कोरायची होती.

ट्रोफिमसने सातवा ठसा खिडकीशी नेला. रोमच्या टांकसाळीत त्याची हयात गेली होती. मुकुट जिवंत सम्राटाला. उघडं डोकं मेलेल्याला, तेही तो देव झाल्याचं जाहीर झाल्यावर. मग पदव्या गळतात. 'देव' आणि नाव, एवढी अकरा अक्षरं उरतात.

आणि हा देव तर या घटकेला टेकडीखाली रथांच्या शर्यती बघत बसला होता. लोकांचा गलका इथवर येत होता.

"जोसिमस, हे काय कोरलंस?"

जोसिमसने ऑलिव्हची बी थुंकली. दोघं एकाच मालकाचे गुलाम होते, एकाच दिवशी सुटले होते. जोसिमस आधी दर अक्षराला एक अशा जागा सुईने टोचून घेई, मग चेहऱ्याला हात घाली. ट्रोफिमसचं नेमकं उलटं. त्यावरून त्यांची रोज जुंपायची.

"सम्राटच आहेत ना ते? ओळखू येत नाहीत?"

"डोकं उघडं आहे."

"मग काय, सर्दी होईल त्यांना?" जोसिमस हसला. "अरे दादा, मुकुट राहिलाय. जेवून कोरणार होतो."

ट्रोफिमसला हसू आलं नाही. हल्ली जोसिमस युवराजाच्या कारभाऱ्याकडे जेवायला जात होता. सम्राट गेल्याबरोबर नवी नाणी वाटायची असतील, तर ठसा आधीच तयार लागतो.

ठसे कुलपात ठेवायला आता राजवाड्याचा शिपाई येईल. त्याच्या कानावर घालावं? संशय खोटा ठरला, तर जोसिमस फुकट सिंहांच्या तोंडी जाईल. गप्प बसावं आणि खरा ठरला, तर सम्राट जीवानिशी जाईल.

"भूत बघितल्यासारखा काय बघतोस? आण इकडे."

जोसिमसने ठसा घेतला, पकडीत आवळला आणि छिन्नी लावली. एक पान उतरलं. मग दुसरं. मुकुट पुरा झाला, तशी ट्रोफिमसच्या छातीवरची धोंड उतरली. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"म्हातारा झालो रे मी."

"झालास कुठे? जन्मलास तेव्हाच होतास."

जिन्यावर शिपायाची पावलं वाजली. ट्रोफिमसने सवयीने मेणाची गोळी ऊन केली आणि ठशावर दाबून उचलली. पानं सुरेख उठली होती. कडेला सुईच्या टोचण्यांचे बारीक दाणेही उठले होते. ट्रोफिमसने एकेका दाण्यावर नख टेकवत ते मोजले.

अकरा होते.