शेवटची आठ मिनिटं

कूलर बंद करू दे, असं समीक्षानं तिसऱ्यांदा म्हटलं आणि तिसऱ्यांदाच तिच्या आईनं, सत्यशीलाबाईंनी, तिला गप्प केलं. मे महिन्यात ढाणकीत, भरदुपारी, घरात पाहुणे बसलेले असताना कूलर बंद करायचा म्हणजे लोक काय म्हणतील? लोक म्हणजे शेजारच्या जैनबबी, एकट्या. त्या कूलरच्या पार तोंडाशी पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं.

टीव्हीवर समीक्षाच होती. जर्मनीतल्या एका थिएटरात झालेला ऑपेरा, म्हणजे सगळी गोष्ट गाऊनच सांगायचं नाटक, त्याचं हे रेकॉर्डिंग. त्यात ती राणी झाली होती. बाईच्या गळ्याला चढता येईल तितक्या वरच्या पट्टीत, माइकशिवाय, दीड हजार माणसांना ऐकू जाईल असं गात होती. इथं दहा फुटांवर मात्र कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

उद्या तिला परत निघायचं होतं आणि जाण्याआधी एकच गोष्ट हवी होती. आईनं एकदा तरी शेवट ऐकावा. राणी विष पिते, पायऱ्यांवर कोसळते आणि पडल्या पडल्या आठ मिनिटं गाते. त्या आठ मिनिटांसाठी समीक्षानं बारा वर्षं गळा घासला होता. पण आईचं एक ठरलेलं. लेक मरणार असं दिसलं की रिमोट उचलायचा. चार वर्षांत चार रेकॉर्डिंगं पाठवली, चारही अर्धवट; एक पेल्यापाशी बंद, एक सुरीपाशी, दोन नुसत्या खोकल्यापाशी. पुढं काय झालं असं कोणी विचारलंच, तर पुढं सगळं चांगलं होते, असं सांगून मोकळी. जैनबबींना तर आजवर वाटत होतं की राणीचं लग्न झालं.

गावाला तेवढंही नको होतं. गावाकडे तिचे अकरा सेकंद होते. एका हिंदी सिनेमात पार्टीच्या सीनमध्ये ती जिन्यावर उभी राहून गाते. पुढं हीरो फोनवर बोलतो, त्याच्या खांद्यामागून तिचा अर्धा चेहरा दिसतो आणि त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून तिचा आवाज बारीक केलेला. ते अकरा सेकंद ढाणकीतल्या मोबाइलांतून फिरत होते. बाजारात तिची ओळखही 'हीरोच्या मागची' अशीच करून देत. समीक्षा हसून मान हलवायची आणि घरी येऊन उशी बडवायची.

टीव्हीवर पेला आला. सत्यशीलाबाईंचा हात सवयीनं रिमोटकडे गेला. रिमोट जागेवर नव्हता. समीक्षानं तो आधीच मांडीखाली घेतला होता.

"दे इकडं."

"आज नाही, आई. आज पुरं ऐकाचं."

"मले नाही पाहाचं. जित्या लेकराले मरताना कायले पाहू मी?"

"नाटक आहे ते."

"तुह्यासाठी आहे नाटक."

तोडगा जैनबबींनी काढला. पाहू नका, पाठ करून बसा आणि ऐका तेवढं, एवढ्या दुरून पोरगी आली तिचं मन मोडू नका. सत्यशीलाबाई कुरकुरत वळल्या. लसणाची टोपली मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

राणी कोसळली. पहिला सूर इतका हळू होता की कूलरनं तो गिळूनच टाकला. समीक्षानं आवाज वाढवला.

"उठली का?" सत्यशीलाबाईंनी भिंतीलाच विचारलं.

"कुठं बाप्पा," जैनबबी म्हणाल्या. "पडूनच गाऊन राह्यली."

सूर चढत गेला. दोन मिनिटांनी आईचा पुन्हा तोच प्रश्न. मग सातव्या मिनिटाला तो सूर आला, ज्याच्यावर त्या रात्री सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं. नेमकी त्याच सुरावर आई म्हणाली, "अजून नाही उठली?" समीक्षाला वाटलं, रिमोट घ्यावा आणि भिंतीवर आपटावा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच.

गाणं संपलं. राणी पायऱ्यांवर निपचित पडलेली. आता टाळ्या होतील, मग ती उठून प्रेक्षकांपुढं वाकेल, तेवढं आईला दाखवलं की झालं, असं समीक्षा मनात म्हणत होती. पण रेकॉर्डिंग तिथंच कापलेलं होतं. अंधार झाला, थिएटरचं नाव आलं आणि टीव्ही गप्प. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपण उठलो होतो हे तिला ठाऊक होतं, मग पाहायचं कशाला?

जैनबबींनी पाय आवरून घेतले.

"कसं वाटलं गाणं?" समीक्षानंच विचारलं.

"गाण्याचं मंग पाहू." सत्यशीलाबाईंची पाठ तशीच होती, टोपली मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. "पयले सांग, उठली का?"

समीक्षाच्या ओठांवर एक चांगलं झोंबणारं उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. ती जमिनीवरून उठली, वळसा घालून गेली आणि आईच्या पुढ्यात उभी राहिली. सत्यशीलाबाईंनी तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. टोपलीत सोललेली एकही पाकळी नव्हती.

"लाव पुन्हा," त्या म्हणाल्या, आणि जैनबबींना न विचारता जाऊन कूलरचं बटन बंद केलं.