उकळून गार केलेलं पाणी

नवीन आणलेला दुसरा एंजल मासाही सकाळी काचपेटीत आडवा तरंगत होता. उरलेला एकुलता एक पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन सारखा तोंड उघडत-मिटत होता.

"पाणी तर स्वच्छ आहे," शर्वरी रडवेली होऊन म्हणाली. "उकळून, गार करूनच घालते मी."

"बाळाच्या बाटल्यांचा सराव चाललाय म्हण की," निनाद हसला.

त्यांचं बाळ शहराच्या टोकाला, गर्भालयातल्या पारदर्शक पिशवीत सहा महिन्यांचं झालं होतं. हल्ली सगळ्यांचीच बाळं जन्मापर्यंत तिथे वाढत. आईला रविवारी तेवढी भेट, तीही काचेबाहेरून. शर्वरीला डोहाळे लागले नव्हते, की पोटात कधी लाथ बसली नव्हती. कुणाचं तरी करावं, म्हणून तिने मासे आणले होते.

ती माशाकडे बघत राहिली आणि तिला कॉलेजातलं रसायनशास्त्र एकदम आठवलं. पाणी उकळलं की त्यात विरघळलेली हवा निघून जाते. मासे गुदमरले होते ते तिच्या काळजीनेच.

पेटीतलंच पाणी तांब्याने उंचावरून पुन्हा पेटीत ओतत ती बसली. दुपारपर्यंत मासा खाली गेला आणि पर पसरून संथ पोहू लागला.

"जगला बघ. आता तरी हस," निनाद म्हणाला.

तिचा हात आपल्या सपाट पोटावर होता.

"मी समोर बसून होते, म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "तिकडे आपल्या बाळासमोर कोण बसतं रे?"