कशामुळे मोडली?

साहेबांचे पाय आज जमिनीवर ठरत नव्हते. बेडीतून हात सोडवून पिस्तुलावर झडप घालणाऱ्या आरोपीला त्यांनी नाइलाजाने गोळी घातली, हे चौकशीत जवळजवळ मान्य झालं होतं आणि बढतीचा कागदही आला होता. आता फक्त नावावरचं सामान परत केल्याचा दाखला हवा होता, म्हणून शीळ घालतच ते ठाण्याच्या भांडारात शिरले आणि मोडकी बेडी टेबलावर टाकली.

भांडार सांभाळणाऱ्या मावशींनी सवयीप्रमाणे फॉर्म पुढे सरकवला. "कशामुळे मोडली?"

"मावशी, तुम्ही यमाकडूनसुद्धा फॉर्म भरून घ्याल!"

"घेईन की, तीन प्रतींत. निष्काळजीपणानं मोडली असेल तर दाखला नाही. कर्तव्य बजावताना मोडली असेल तर लगेच."

"कर्तव्यच हो, दुसरं काय!" साहेबांनी हसत हसत फॉर्म भरला, झोकात सही ठोकली आणि दाखला हवेत नाचवत निघून गेले.

मावशींनी फॉर्म दोनदा वाचला. एक प्रत भांडाराची, एक चौकशीची. तिसरी कुणाला द्यायची हे त्यांना इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. आज त्या उठल्या आणि बाहेरच्या बाकावर तीन महिने रोज येऊन बसणाऱ्या, त्या गेलेल्या आरोपीच्या आईच्या हातात ती ठेवून आल्या.

 

'बेडी आरोपीच्या दोन्ही हातांत असताना गोळी लागून कुलूप फुटले.'