अंधार पडल्यावरची अट

पोलाद कारखान्याचे वेळापत्रक आखणारे गणिती प्रारूप एकाच अटीपाशी अडत होते: संध्याकाळची वितळलेली मळी, म्हणजे भट्टीतला लालभडक टाकाऊ रस, अंधार पडल्यावरच बाहेर ओतावी. त्यापायी भट्टी रोज ताटकळत बसे. अट काढली की पोलादाचा एक घाणा जास्त निघणार होता, आणि साहेबांना तो उद्यापासूनच हवा होता.

प्रारूपावर काम करणाऱ्या तरुणीने ती अट घालणाऱ्या निवृत्त नियोजकांना मुद्दाम बोलावून घेतले. "सर, हा नियम कुठल्या पुस्तकातला?"

"कुठल्याच नाही गं," ते ओशाळून हसले. "माझी लेक अंधाराला फार भ्यायची. मळी ओतली की आभाळ लालेलाल व्हायचं. मी सांगायचो, सूर्य काहीतरी विसरलाय, न्यायला परत आलाय. की निजलीच बघ! आता ती स्वतः आजी झालीय. खुशाल काढून टाक."

कळफलकावरची तरुणीची बोटे थबकली. नदीपलीकडच्या तिच्या वस्तीत साऱ्या आया त्याच उजेडात मुलांना थोपटत असत. सूर्य रोज दोनदा मावळतो, असे ती शाळेत जाईपर्यंत मानत होती.

अट तिने तशीच ठेवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: 'तांत्रिक.'