आभाळातली रेघ

दुकानदार फडतऱ्यांनी काउंटरवर तीन वाइड अँगल लेन्स मांडल्या. "कोणतीही घ्या, बाई. आभाळ अगदी स्वच्छ येतं. उपग्रहांच्या रेघा लेन्सच पुसून टाकते, फोटोत फक्त तारे राहतात."

"न पुसणारी नाही का?" हेमलताबाईंनी विचारलं.

फडतऱ्यांना हसू आलं. "रेघांनी बरबटलेलं आभाळ कशाला हवंय तुम्हाला?"

"माझी लेक वर आहे. यान बिघडलं, आतली सगळी माणसं गेली. खाली आणता येणार नाही म्हणाले. संध्याकाळी आमच्या डोंगरावरून जातं ते. मागे मी फोटो काढला, तर लेन्सनं नेमकं तेच पुसलं."

फडतऱ्यांचं हसू मावळलं. आतल्या कपाटातून त्यांनी एक जुनी, जड लेन्स आणली. "हिला पुसणं ठाऊक नाही. पण हिच्यात सगळं आभाळ मावतं, यान फार बारीक दिसेल."

"दिसू दे बारीक."

दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, त्यांनी डोंगरमाथ्यावर कॅमेरा लावला. फोटोत शेकडो रेघा उमटल्या, एकमेकींत गुंतलेल्या. हेमलताबाई कितीतरी वेळ स्क्रीनला डोळे लावून बसल्या. त्यातली लेकीची कोणती, ते काही त्यांना ओळखता येईना. शेवटी त्यांनी सगळ्याच रेघांवरून हलकेच बोट फिरवलं.